अटन आणि भ्रमण : एका वासनिक दांपत्याच्या प्रश्नाच्या निमित्ताने

आचारप्रकरणाचे निरूपण चालले असता अटन, विजन, भिक्षा आणि स्मरण ही नावे आपल्या मुखी इतकी सहज येतात की त्यांपैकी प्रत्येकाचा निराळा अर्थ काय, हा प्रश्न श्रोत्यांस पडत नाही आणि वक्त्यासही पडत नाही. भिक्षेचा अर्थ झोळी दाखवून सांगता येतो, विजनाचा एकांत दाखवून सांगता येतो, स्मरणाचा तर नामानेच सांगता येतो. अटनाचा मात्र ‘हिंडणे’ एवढाच अर्थ सांगून आपण पुढे जातो. हिंडणे तर गुराखी करतो, व्यापारी करतो, आणि हल्ली निवृत्तिवेतन घेणारे गृहस्थही करतात. मग परमेश्वराने साधकास विहिलेले अटन ते कोणते? हा प्रश्न मला पोथी वाचताना पडला नाही. तो एका वासनिक दांपत्याने माझ्यापुढे आणून ठेवला, म्हणून आधी तो प्रसंग सांगणे योग्य होईल.

वर्धा शहरास लागून असलेल्या सावंगी (मेघे) येथे १९९० मध्ये वैद्यकीय महाविद्यालय निघाले. पुढे आचार्य विनोबा भावे यांच्या नावाचे मोठे रुग्णालय तेथे नावारूपास आले आणि भोवती वसाहती वाढल्या. आमचे एक वृद्ध गुरुबंधू त्या रुग्णालयात उपचार घेत होते व त्यांच्या शुश्रूषेसाठी मी तीन आठवडे सावंगीस होतो. तेथील एका वसाहतीत राहणारे हे दांपत्य दोन्ही वेळ आम्हांस उपहार पोचवीत असे. दोघेही उपदेशी. गृहस्थ शिक्षक होते. शासकीय नियमाप्रमाणे अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले, त्यासही आता आठ वर्षे लोटली. मुलगा परदेशी, मुलगी पुण्यास. एके दिवशी त्यांनी मला घरी नेऊन आपला संकल्प सांगितला. घर भाड्याने द्यावयाचे, दोन पिशव्या घ्यावयाच्या, आणि येथून पुढे शरीर चालेल तोवर दोघांनी वर्षभर फिरतच राहावयाचे. कोठेही पंधरा दिवसांहून अधिक मुक्काम करावयाचा नाही. प्रथम रिद्धपूर, माहूर, पैठण, डोमेग्राम, फलटण, द्वारावती ही आपली स्थाने, नंतर हिमालय, नंतर दक्षिण देश. त्यांनी खर्चाचा हिशेबही मांडला होता. पासष्टी ओलांडल्यामुळे त्यांस एसटीचे भाडे निम्मे, स्त्रियांस २०२३ पासून निम्मे, आणि पंचाहत्तरी झाली की दोघांस काहीच नाही. हे सारे सांगून झाल्यावर ते म्हणाले, “बाबा, आयुष्यभर पोथीत अटन ऐकले. आता हे आमचे अटनच झाले ना?”

बाई चहा देऊन आत गेल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

मी त्या वेळी उत्तर दिले नाही. दोन उत्तरे ओठांवर आली होती आणि दोन्ही मला खोटी वाटली. पहिले असे की, ‘भाऊ, हे पर्यटन आहे, याचा धर्माशी संबंध नाही.’ हे म्हणणे सोपे होते, पण ज्याने चाळीस वर्षे जतन केलेले घर सोडावयाचे ठरविले त्याच्या मनात काहीच उगवले नाही असे कसे म्हणावे? दुसरे असे की, ‘उत्तम आहे, परमेश्वर आपणांस घडवो.’ हे आणखी सोपे होते. असा आशीर्वाद देऊन आपण वासनिकांस संतुष्ट करतो आणि त्यांचा प्रश्न मात्र जेथल्या तेथे राहतो.

वृद्धपणी पतिपत्नींनी घर सोडून जाणे ही आपल्या देशास नवी गोष्ट नव्हे. स्मृतिकारांनी त्यासाठी वानप्रस्थ हा वेगळा आश्रमच सांगितला. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात पत्नीस पुत्रांच्या स्वाधीन करावे अथवा सोबत घेऊन वनात जावे, असे दोन्ही मार्ग मोकळे ठेवले आहेत. नर्मदेची पायी परिक्रमा परंपरेने तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवसांची मानतात. आपल्या महाराष्ट्रातील कित्येक निवृत्त दांपत्ये ती करून आली आहेत. अमेरिकेत तर चाकांवरच्या घरात बसून निवृत्त जोडपी वर्षानुवर्षे गावोगाव फिरतात आणि तेच त्यांचे कायमचे घर असते. परंतु आपल्या मार्गात वानप्रस्थ नावाची मधली पायरी नाही. आपल्याकडे एक तर वासनिक, जो घरी राहून देवधर्म आचरतो. अथवा अनुसरलेला साधक, ज्याने सर्व सोडले. पतिपत्नी दोघेही अनुसरली तर तो भिक्षू होतो, ती तपस्विनी होते, आणि त्या दिवसापासून ते एकमेकांचे पतिपत्नी नसतात. त्यांचे राहणे वेगळे, अटन वेगळे. म्हणून ‘दोघांचे मिळून अटन’ हा शब्दप्रयोगच आपल्या शास्त्रात बसत नाही. हे कठोर वाटेल. ते असे का, हे आचारप्रकरणाच्या आरंभीच पाहावे.

तेथे स्वामींनी त्यागाचा जो क्रम सांगितला आहे तो अभ्यासकांस ठाऊक आहे. आधी आपल्या देशाशी असलेला संबंध, मग आपल्या गावाशी असलेला संबंध, आणि शेवटी आपल्या माणसांशी असलेला संबंध. आणि या तिसऱ्याविषयी तो विशेष करून सोडावा असे बजावले आहे. व्याख्यान करताना आपण या ‘विशेष’ शब्दावर फार थांबत नाही. देश आणि गाव सोडणे हे पायांचे काम आहे. गाडीत बसले की ते होते. तिसरा संबंध मात्र गाडीत शेजारच्या आसनावर येऊन बसतो. इतकेच नव्हे, पहिले दोन सुटले की तिसरा अधिक घट्ट होतो. घरी शेजारी असतात, सोयरे असतात, वाणी-दूधवाला असतो; दहा जणांत वाटलेले ममत्व परमुलखात एकाच माणसावर येऊन साठते. धर्मशाळेच्या खोलीत दोन म्हातारी माणसे, त्यांस ओळखणारे तिसरे कोणी नाही. त्या खोलीत ‘माझे’ हा शब्द जितका दाट असेल तितका तो भरल्या घरातही नसेल.

अटनाचे प्रयोजनच परिचय तुटावा हे आहे. जेथे आपणांस कोणी ओळखत नाही अशा प्रदेशाच्या कडेला, झाडाच्या आश्रयाने आयुष्य वेचावे, ही आज्ञा त्याचसाठी. ओळखीच्या गावात भिक्षा मागू गेले तर अन्न झोळीत पडण्यापूर्वी मान पडतो, आणि मान पडला की भिक्षा राहत नाही. भ्रमणाचे प्रयोजन याहून वेगळे आहे. भ्रमण करणारा पाहण्यासाठी जातो. त्याचा डोळा नवे नवे गोळा करतो; अटन करणाऱ्याचा डोळा जुने टाकीत जातो. स्वामींनी कानड व तेलंग देशी न जाता महाराष्ट्रात असावे असे सांगितले, त्याचे कारणही ते देश विषयबहुल म्हणून सांगितले आहे. पुढे आपला मार्ग पंजाबात गेला, काबूलपर्यंत गेला. तेव्हा या आज्ञेचा अभिप्राय केवळ नकाशावरील रेषेपुरता समजणे पुरेसे नाही. जेथे इंद्रियांना अधिक खाद्य मिळते तेथे मुद्दाम जाऊ नये, हे तिचे मर्म होय. आता ज्याने हिमालय आणि दक्षिण देश आपल्या यादीत घातला त्याने तो कशासाठी घातला हे त्याने स्वतःस विचारावे. आम्ही विचारण्याचे कारण नाही.

येथे एक गोष्ट सहज आठवली. निवृत्तिवेतन घेणाऱ्यास दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला द्यावा लागतो. अलीकडे तो यंत्रावर अंगठा टेकवून कोठूनही देता येतो, म्हणून आमच्या गृहस्थांस त्याची चिंता नव्हती. मला मात्र त्याची गंमत वाटली. अटनात जो निघाला तो आहे की नाही हे कोणास कळू नये अशी अपेक्षा. आणि येथे वर्षातून एकदा ‘मी आहे’ असे लिहून द्यावयाचे. यात दोष काही नाही. वासनिकाने आपल्या कष्टाचे वेतन घ्यावे आणि त्यातून दानधर्म करावा. फक्त त्याला अटन म्हणू नये.

लीळाचरित्राच्या एकांकात हरिपाळदेवांच्या गृहत्यागाची कथा आहे. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते गुजरातेतून निघाले. पित्याने सोबत मोठा परिवार दिला. वाटेत टप्प्याटप्प्याने त्यांनी तो परिवार मागे लावला आणि अखेर एकटेच रिद्धपुरास पोचले, तेथे श्रीगोविंदप्रभूंची भेट झाली. या कथेत रामटेक हे ठिकाण आणि मागे पाठविलेला परिवार या दोन गोष्टी आहेत. आपण ठिकाणांच्या याद्या करतो. मागे काय पाठवावयाचे याची यादी कोणी करीत नाही. आमच्या गृहस्थांचा परिवार म्हणजे खिशातला फोन, रोज रात्री मुलाशी होणारे बोलणे, प्रत्येक स्थानी काढावयाचे छायाचित्र, आणि ‘आम्ही सगळे सोडून निघालो’ हे चार जणांस सांगण्याचे सुख. यातील शेवटचे सर्वांत जड आहे. ते पिशवीत दिसत नाही म्हणून त्याचे वजन कळत नाही.

हे सारे मी त्यांस सांगावयाचे ठरविले होते. पण त्याआधी एक निराळीच गोष्ट घडली. दुसऱ्या दिवशी उपहार घेऊन बाई एकट्याच आल्या. गुरुबंधूंस निद्रा लागली होती. डबा ठेवून त्या म्हणाल्या, “बाबा, ह्यांचा प्रश्न तुम्ही ऐकला. मला जायचं आहे की नाही, हे मात्र कोणी विचारलं नाही.” मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “माझे गुडघे दुखतात ते सोडा. ह्यांची साखर वाढते. गोळी मीच हातावर ठेवते. बाहेर ह्यांना काही झालं तर मी एकटी काय करू? आणि तुम्ही म्हणता तसं दोघांनी अनुसरायचं तर मग वेगळं राहायचं. तेव्हा गोळी कोण देईल? गोळी देणं हासुद्धा संबंधच का?”

मी इतकी वर्षे आचारस्थळ शिकवितो. विद्यार्थ्यांनी संबंधाची लक्षणे विचारली की ती मी घडाघडा सांगतो. त्या बाईंच्या प्रश्नाने मात्र मी गप्प झालो. कारण मी स्वतः तीन आठवडे तेथे बसलो होतो, माझे अटन सोडून, एका म्हाताऱ्या माणसाच्या औषधाच्या वेळा सांभाळीत. तो माझा गुरुबंधू आहे म्हणून बसलो होतो, की तो आतुर आहे म्हणून? त्याच्या जागी दुसऱ्या आम्नायाचा, अनोळखी भिक्षू असता तर मी बसलो असतो का? संबंध आणि सेवा यांतील भेद या ठिकाणी आहे असे मला वाटते. ज्या कृतीत समोरचा जीव माझा आहे म्हणून मी करतो, तो संबंध. ज्या कृतीत तो जीव दुःखी आहे म्हणून मी करतो, ती सेवा. कृती बाहेरून एकच दिसते, गोळी तीच, हातही तोच. आणि खरे सांगावयाचे तर चाळीस वर्षे एकत्र राहिलेल्या माणसास हा भेद आपल्या मनात नेहमी स्पष्ट दिसेलच असे नाही. मलाही तो माझ्या बाबतीत दिसला नाही.

रुग्णालयाच्या ओसरीवर मी रोज पाहत असे. दूरच्या खेड्यांतून आलेली कितीतरी वृद्ध जोडपी, एक खाटेवर आणि एक खाटेखाली चटईवर. घर सुटलेले, गाव सुटलेले, कोणी ओळखीचे नाही, मिळेल ते अन्न. देशसंबंध आणि ग्रामसंबंध यांपासून ती माणसे आमच्या गृहस्थांपेक्षा कितीतरी अधिक तुटलेली होती, आणि आपण काही सोडले हे त्यांच्या गावीही नव्हते.

बाईंच्या पहिल्या वाक्याकडे वळतो, कारण मला तेच अधिक गंभीर वाटते. आपल्या मार्गात हिंसा म्हणजे केवळ प्राण घेणे नव्हे. दुसऱ्या जीवाच्या मनास संताप देणे हीही हिंसाच होय. पतीच्या वैराग्यासाठी पत्नीने मन मारून मागोमाग फिरावे, तर त्या भ्रमणाच्या प्रत्येक मुक्कामी थोडी थोडी हिंसा साठत जाते. आणि तिला मागे टाकून एकट्याने निघून जावे, तर तीही हिंसाच. येथे कोणी म्हणेल, स्वतः स्वामींनी हरिपाळदेव-रूपात भार्येचा त्याग केला, त्याचे काय? याचे उत्तर आपल्या पूर्वाचार्यांनी देऊन ठेवले आहे : परमेश्वराची लीळा ही स्मरणासाठी आहे, अनुकरणासाठी नाही, जीवाने आज्ञा पाळावी. जो लीळेचे अनुकरण करू जातो त्यास आपल्या सोयीची लीळाच नेमकी आठवते, हा माझा अनुभव आहे.

शिवाय लीळा एकाच प्रकारची नाही. श्रीचक्रधरस्वामी एकांकी बारा वर्षे हिंडले आणि पुढेही गावोगाव फिरले. त्यांच्या वास्तव्याची ठिकाणे इतकी की त्यांच्यासाठी स्थानपोथी हा स्वतंत्र ग्रंथ लागला. श्रीगोविंदप्रभू मात्र बहुतेक आयुष्य रिद्धपुरातच राहिले. तेथल्याच गल्ल्या, तेथलीच देवळे, तेथल्याच दीनदुबळ्यांची घरे. लोक त्यांस माय आणि बाप दोन्ही म्हणत. दोघेही पूर्ण परमेश्वरावतार. केवळ फिरण्यात धर्म असता तर रिद्धपूर आपणांस वंदनीय का व्हावे? आणि केवळ थांबण्यात असता तर स्थानपोथी कशास?

सावंगीहून थोड्याच अंतरावर याचे एक अलीकडचे उदाहरण आहे. ते आपल्या मार्गातले नव्हे, तरी त्याचा विचार करण्यास हरकत नाही. विनोबाजी १९५१ च्या मार्चमध्ये येथून पायी निघाले, एप्रिलमध्ये पोचमपल्लीस भूदानाचा आरंभ झाला, आणि तेरा वर्षे देशभर चालून १९६४ मध्ये ते पवनारला परतले. १९७० मध्ये त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे पवनार सोडून कोठे जावयाचे नाही असा संकल्प केला. इतके चाललेल्या माणसाने न चालण्याचे व्रत घ्यावे हे मला विचार करण्यासारखे वाटते. त्यांस चालण्याचे कारण ठाऊक होते, म्हणून थांबण्याचेही कारण ठाऊक झाले. सेवाग्रामही जवळच आहे. तेथे १९३६ पासून गांधीजी व कस्तुरबा राहिले. त्यांनी १९०६ मध्येच ब्रह्मचर्यव्रत घेतले होते. बापू-कुटीजवळ बा-कुटी वेगळी आहे. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात बांचा अंत झाला, तेव्हा बापू जवळ होते. त्यांचे तत्त्वज्ञान आपणांस मान्य असो वा नसो, पतिपत्नीपण मागे ठेवूनही एकमेकांची शुश्रूषा करता येते याची साक्ष त्या दोन कुट्या देतात. आपल्या शास्त्राप्रमाणे मी त्यास अनुसरण म्हणणार नाही. पण बाईंच्या प्रश्नाला माझ्याजवळच्या पोथीपेक्षा त्या कुट्या अधिक जवळून उत्तर देत होत्या, हे कबूल केले पाहिजे.

आणखी एक कबुली द्यावयाची राहिली. मी ज्यांस ‘हे अटन नव्हे’ असे सांगावयास निघालो होतो ते गृहस्थ निदान घर सोडावयास तयार होते. आम्ही भिक्षू म्हणविणारे एकेका आश्रमात वीस-वीस वर्षे राहतो. आमचे वासनिक ठरलेले, आमची खोली ठरलेली, उन्हाळ्यात पंखा कोणत्या बाजूचा हेही ठरलेले. वर्षाकाठी काही दिवस झोळी घेऊन बाहेर पडतो आणि त्यास अटन म्हणतो. तेही बहुधा ओळखीच्या गावांतून. गृहस्थाने आपल्या भ्रमणास अटन म्हटले तर आम्हांस शास्त्र आठवते; आमच्या निवासास आम्ही अटन म्हणतो तेव्हा आठवत नाही.

रुग्णालयातून निघण्याच्या आदल्या दिवशी मी दोघांस एकत्र बसवून बोललो. म्हटले, भाऊ, आपण जे करू पाहता त्यास स्थानवंदन म्हणा. परमेश्वराच्या चरणांनी अंकित झालेल्या स्थानास वंदन करणे हा वासनिकासही सांगितलेला विधी आहे, त्यात कमीपणा नाही. पण स्थानास वंदन करावयाचे तर स्थानापुढे बसावे लागते, आणि पंधरा दिवसांत पाच स्थाने करणाऱ्यास बसता येत नाही. हिमालय आणि दक्षिण देश यांविषयी आपण आपल्या मनास विचारा. आणि कोठे जावयाचे व किती दिवस, हे बाईंनी ठरवावे. हे शेवटचे ऐकून गृहस्थ थोडे दुखावले असे मला दिसले. ते म्हणाले, “बाबा, तिने कधी नाही म्हटले नाही.” मी म्हटले, तिला कधी विचारले होते का? त्यांनी उत्तर दिले नाही. मग त्यांनी स्थानांची यादी असलेली वही उघडून बाईंपुढे ठेवली. बाईंनी चष्मा लावून ती सबंध वाचली. रिद्धपूर ठेवले, माहूर ठेवले, बाकीचे पुढे पाहू म्हणाल्या. माहुरासही देवदेवेश्वरापर्यंतच, वर शिखरावर नाही.

मार्गशीर्षात ते रिद्धपुरास गेले आणि दोन महिने राहिले असे कळले. बाई सकाळी राजमठात स्मरणास बसत. गृहस्थांस बसवत नसे, तेव्हा ते एसटीने आसपासची स्थाने वंदून संध्याकाळी परत येत, गोळीच्या वेळेस. तेथून बाईंनी मला एक पत्र पाठविले आहे. त्यात त्या विचारतात की, दोघांपैकी एक आधी जाणार हे तर निश्चित. मग मागे राहिलेल्याने अनुसरावे, तर ते वैराग्याने अनुसरणे झाले की निराधारपणामुळे झाले, हे त्याने कसे ओळखावे? हा प्रश्न दुःखातून येणाऱ्या वैराग्याचा आहे आणि त्यास विचारप्रकरणातील विवेचन लागेल. पुढील अंकी तो घेऊ. दरम्यान ज्या तपस्विनी बाई उतारवयात, एकट्या पडल्यावर अनुसरल्या आहेत, त्यांनी आपला अनुभव संपादकांकडे लिहून पाठवावा अशी विनंती आहे; या विषयात माझ्यासारख्याने केवळ पोथीवरून बोलणे बरे नव्हे.

दंडवत प्रणाम.